वन्सं, गाडी घ्यायची राहिली

दिघीच्या जेटीवर तुमच्या सायकलीचं मागचं चाक मी मोडलं. ते मोडणार हे मला आधी सांगण्यात आलं होतं. तुम्ही सांगितलं होतंत, वेल्डरने सांगितलं होतं, आणि अगदी शेवटच्या क्षणी फेरीबोटीवरचा शिट्टीवालाही म्हणाला होता, "मावशे, मागं सायकली हायेत, खाली घासतील." मी त्याला काचेतून नुसता हात दाखवला. बाईमाणूस गाडी चालवतंय म्हणून हा मध्ये बोलतोय, असं मला वाटलं.

फेरीबोटीत गाडी उलटी चढवतात, म्हणजे पलीकडे आगरदांड्याला ती सरळ उतरते. जेटी उतरती, बोटीचा फळा चढता, आणि दोन्हींच्या मध्ये जो खळगा पडतो तिथे गाडीचं बूड जवळजवळ जमिनीला टेकतं. अशा ठिकाणी पिकअपच्या मागच्या फाळक्याला बाहेरून हुक मारून, त्यांवर दोन सायकली टांगून जाणारी बाई रायगड जिल्ह्यात मी एकटीच असेन. का टांगल्या? तर समुद्रावर आलेल्या एका मुंबईच्या गाडीला मागे सायकली लटकवलेल्या पाहिल्या होत्या आणि मला ते फार ऐटबाज वाटलं होतं. त्या गाडीचे हुक छातीच्या उंचीवर होते. मी माझे कमरेला लावून घेतले, कारण त्याहून वर सायकल मला उचलत नाही. चाकं जमिनीपासून वीतभर वर राहिली. वीतभर पुष्कळ झालं, असं मी वेल्डरला म्हणाले होते.

भाजलेला पापड हातात चुरावा तसा आवाज आला. बोटीवरची सगळी माणसं बघायला जमली. एक कोळीण टोपली खाली ठेवून वाकली आणि म्हणाली, "बाय, जिलबी झाली गो." तुम्ही उतरलात. तुमच्या पंजाबी ड्रेसला मुद्दाम शिवून घेतलेल्या खिशातून पाना काढलात, ते वाकडं चाक सोडवलंत, खांद्याला अडकवलंत आणि पूर्ण खाडी ओलांडेपर्यंत कठड्याशी उभ्या राहून पाणी बघत होतात. मला वाटलं, आता काही खरं नाही. आगरदांड्याला उतरल्यावर तुम्ही दार उघडून माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "मंदा, पुढच्या वेळी मला मागे टांग आणि सायकली आत ठेव."

तेव्हा मी साठीच्या आत होते. माणूस तरुणपणी मूर्ख असतं, आणि माझं तरुणपण साठीपर्यंत चाललं.

वन्सं, तुम्ही गेलात तेव्हा आपला अबोला चालू होता. असे अबोले या घरात आपण किती धरले आणि किती सोडले. सोडायचं काम मात्र दर वेळी तुमचंच, कारण तुम्ही मोठ्या, आणि मी सोडणार नाही हे तुम्हाला ठाऊक. या वेळी तुम्ही तो तसाच ठेवून गेलात. माणसं भेटायला येतात, चहा घेतात आणि म्हणतात, किती शांतपणे गेल्या. मी मान हलवते. शांतपणे गेल्या हे खरंच आहे. माझ्याशी बोलतच नव्हत्या.

मला तुम्हाला एकच विचारायचं होतं, राग गेला होता की नाही. दहाव्याला पिंड ठेवला तेव्हा मी मनात हात जोडून तयारीत उभी होते, की कावळा अडला तर निदान तुमचं काहीतरी राहिलंय एवढं तरी कळेल. गाडी तुमच्या मनासारखी घेते, असं वचन द्यायचं मी ठरवूनही ठेवलं होतं. कावळा आला तो थेट भातावर. सगळ्यांना बरं वाटलं. मला मेलीला वाटलं, जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नाही ती बाई आता कावळ्यामार्फत काय मागणार.

म्हणून हे लिहायला बसले. बंड्या बोक्याला सांगून काही उपयोग नाही, तो तुमच्या बाजूचा.

मी पालीहून लग्न होऊन आले ती टाचांच्या चपला घालून. दिवेआगरच्या पुळणीत. दर पावलाला टाच रुतत होती आणि मी चेहऱ्यावर काही दाखवत नव्हते, कारण मी स्वतःला फार सुधारलेली समजत असे. तुम्ही तेव्हा मुरूडला शाळेत गणित शिकवत होतात. सुट्टीला घरी यायच्या त्या कधी सायकल होडीत घालून खाडी ओलांडून, कधी लांबच्या रस्त्याने एसटीच्या टपावर टाकून. कंडक्टर सायकलीचं लगेज तिकीट फाडायचा आणि तुम्ही स्वतः शिडीवर चढून सायकल बांधायच्या, कारण दुसऱ्याने मारलेल्या गाठीवर तुमचा विश्वास नव्हता. माझी नणंद साडी खोचून एसटीच्या टपावर चढते, हे मी माहेरी दोन वर्षं सांगितलं नव्हतं.

आणि ते हळदीकुंकू. बायका यायच्या आधी मी तुमच्यापाशी येऊन पदराशी चाळा करत म्हणाले, सायकल जरा गोठ्यामागे ठेवाल का. तुम्ही एक शब्द न बोलता ठेवलीत. बायका आल्या, पन्हं झालं, वाटली डाळ झाली, ओटी भरून झाली. सगळ्या अंगणात उतरून चपला शोधत असताना तुम्ही पायरीवरून मोठ्याने विचारलंत, "मंदा, माझी सायकल आता बाहेर काढू, की अजून कुणी यायचंय?" तो आपला पहिला अबोला. मी धरला होता, आणि तुम्ही संध्याकाळी मांजराशी बोलून मोडलात. "सांग रे तिला, आमटी चांगली झालीय." तेव्हाचं मांजर वेगळं होतं, पण पद्धत तिथून पडली. पुढे कितीतरी मांजरांनी आपले निरोप वाहिले.

तुमचे भाऊ गेले त्या वर्षी मी माजघरातून बाहेरच पडत नव्हते. तुम्ही निवृत्त होऊन घरी आला होतात. एका ओहोटीला तुम्ही मला हाताला धरून सुरूच्या बनातून समुद्रावर नेलंत आणि सायकलवर बसवलंत. मी म्हणाले, लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, लोक तुला पडताना बघून हसतील, त्यांनाही बरं वाटेल. ओल्या पुळणीवर पडलं तर लागत नाही, हे मला त्या महिन्यात फार नीट समजलं. तुम्ही मागून सीट धरून पळायच्या. त्या वयात. मला माझ्या दुःखातून कुणी बाहेर काढलं असं विचारलं तर मी देवाचं नाव घेते, कारण लोकांना ते आवडतं. खरं म्हणजे सीट तुम्ही धरली होती.

वाडी मग आपल्या दोघींवरच पडली. नारळ-सुपारी न्यायला दर वेळी कुणाचा तरी टेम्पो सांगायचा, तो वेळेवर यायचा नाही, म्हणून मी म्हटलं आपलीच पिकअप घेऊ. गाडी चालवायला मी शिकले, तुम्ही नाही शिकलात. म्हणालात, दोघींनी चालवली तर चुका कोण काढणार. जुनी गाडी बघायला मात्र मी एकटी गेले, मुरूडला, कारण मला सगळं कळत होतं. गाडी निळी होती. इतकी सुंदर निळी की मी इंजिनाचं झाकणसुद्धा उघडायला सांगितलं नाही. मालक बिचारा सरळ माणूस. त्याने सांगितलं, "मावशी, ही मच्छीची गाडी हाय बरं का." मी म्हटलं, धुऊन घेऊ. मला त्या दिवशी कडक सर्दी होती.

गाडी अंगणात उभी राहिली आणि आळीतली मांजरं एकेक करून येऊन हौद्यात बसली. तुम्ही ओटीवरून खाली आलात, गाडीभोवती फिरलात, नाकाला पदर न लावता अगदी गंभीरपणे म्हणालात, रंग छान आहे. पुढे वर्षभर आपल्या सुपाऱ्यांना सोड्यांचा वास येतो अशी बाजारात तक्रार होती. शेण लावून झालं, लिंबं चोळून झाली, कापूर जाळून झाला. बंड्या त्याच हौद्यात आला आणि परत गेला नाही, तेवढा एक फायदा.

पण गाडी आली आणि आपल्या सायकली फिरायला लागल्या, हे तुम्ही शेवटपर्यंत मान्य करत होतात. इथले चढ आपल्या गुडघ्यांचे नाहीत. म्हणून गाडीतून सायकली सपाट रस्त्यापर्यंत न्यायच्या, तिथे उतरवायच्या, मनसोक्त फिरायचं आणि परत चढवायच्या. नेण्याची माझी युक्ती तर मला अजूनही अफाट वाटते. बाजाराला नारळ असायचेच, असोले, सोलायच्या आधीचे, अंगावर सोडण असलेले. हौद्यात त्यांचा ढीग आणि त्या ढिगात सायकली उभ्या खोचायच्या. दोरी नको, काही नको. सोडण गादीसारखं. म्हसळ्याचा घाट उतरला तरी सायकल हलत नसे. तुम्हीसुद्धा पहिल्यांदा मान डोलावली होतीत. मग विचारलंत, जाताना नारळ धरतील, येताना कोण धरणार?

येताना हौदा रिकामा. सायकली एकमेकींच्या अंगावर पडायच्या, पेडल चाकात घुसायचं, माझी घंटी तर दोनदा तुटली. मी जुनी गादी टाकून बघितली, गोणपाट टाकून बघितलं, तुमच्या भावाचं जुनं धोतर फाडून बांधूनही बघितलं. तुमचं एकच पालुपद, पुढचं चाक काढ. हौद्यात एक फळी बसवायची, तिला चिमटे, पुढचं चाक काढून सायकलीचा चिमटा, म्हणजे चाक धरणारे दोन दांडे, फळीवरच्या चिमट्यात अडकवायचा, की सायकल उभी आणि वर हातभर आखूडही होते. मला हे कधीही पटलं नाही. चाक काढलेली सायकल कवळी काढलेल्या माणसासारखी दिसते, असं मी म्हणाले होते. तुमची कवळी तेव्हा नवीन होती. तो अबोला बराच लांबला.

गेल्या थंडीत आपण हरिहरेश्वरला गेलो होतो. देवळाच्या मागची प्रदक्षिणा तुम्ही केलीत, सायकल फार चालवली नाहीत. परत येताना एका वळणावर तुम्ही समोरच्या पट्टीवर कपाळ टेकलंत. हात छातीशी होता. मी गाडी बाजूला घेतली. तुम्हाला आडवं करावं म्हटलं तर करणार कुठे? पुढे दोन माणसांची जागा, त्यात मध्ये गिअर. मागे हौद्यात सायकली आणि उघडं ऊन. मी माझ्या पदराने वारा घालत राहिले आणि तुम्ही डोळे मिटून म्हणालात, काही नाही, ऊन लागलं. मग म्हणालात, अभयला सांगायचं नाही. अभयला, म्हणजे माझ्या मुलाला, मी सांगितलं नाही. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर तुम्ही, पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं. नवी गाडी घ्यायची ती मागे बाकडं असलेली.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ते हेच.

जुन्या गाडीचा हौदा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला, माझा पाय एक दिवस आरपार गेला, तेव्हा आपण माणगावला नवी बघायला गेलो. तिथला विक्रेता पोरगा आपल्याला आजी, आजी करत काय काय दाखवत होता, मागचं दिसणारा कॅमेरा, मोबाइलवर बोलणारी गाडी. मी डबल केबिनच्या गाडीत जाऊन बसले. मागे छान लांब बाकडं, माणूस झोपला तर पाय थोडे दुमडून सहज झोपेल. पण केबिन दोन असल्या की हौदा आखूड होतो. तुम्ही पिशवीत टेप आणली होतीत, ती काढली नाहीत. त्या पोराला म्हणालात, फाळका खाली कर. आणि शहात्तर वर्षांची माझी नणंद त्या शोरूममध्ये, सगळ्यांच्या देखत, हौद्यात चढून आडवी झाली. गुडघे वर राहिले. "बघ," तुम्ही आडव्या आडव्या म्हणालात, "मीच मावत नाही. सायकल तर माझ्याहून वीतभर लांब."

मग उठून शेजारच्या गाडीत चढलात. एक केबिन, लांब हौदा. तिथे तुम्ही सरळ आडव्या झालात, हात दोन्ही बाजूंना, पाय जुळवून, आणि डोळे मिटून घेतलेत. मापात मावल्याचं समाधान होतं तुमच्या तोंडावर. पोरगा हसत होता. मला हसू आलं नाही. मला हरिहरेश्वरचा रस्ता दिसला, आणि त्याच्याही पुढचं काहीतरी दिसलं. मी तुम्हाला ओरडले, "उठा वन्सं, लोक बघतायत."

साऱ्या जन्मात मी तुम्हाला लोकांची भीती घातली आणि तुम्ही ती कधी घेतली नाहीत. त्या दिवशी मात्र तुम्हाला लागलं. मुकाट्याने उतरलात, कपडे झटकलेत.

परतीच्या वाटेवर मी म्हणाले, मला डबलच हवी. तुम्ही विचारलंत, का? तुम्ही नीट विचारलं होतंत, वर्गात मुलीला उत्तर चुकल्यावर विचारावं तसं. मी म्हणू शकले असते, तुमच्यासाठी. त्याऐवजी म्हणाले, मला पर्स ठेवायला जागा लागते. मोर्बा मागे पडला. मग म्हणालात, नारळाच्या बागेची मालकीण पर्ससाठी गाडी घेते, घे. "त्या दोन खोल्यांच्या गाडीत माझी सायकल यायची नाही. तू एकटी फीर."

मी म्हणाले, "फिरेन."

आपल्यात तोंडाने बोललेला तो शेवटचा शब्द. पुढचं सगळं बंड्यामार्फत. बंड्या, सांग तिला, दूध उतू जातंय. बंड्या, मी बँकेत जाऊन येते, दुपारच्या एसटीने येईन. आणि त्या शेवटच्या सकाळी, बंड्या, आज ओहोटी चांगली आहे, उन्हं कलली की पुळण मोकळी होईल.

हे मी ऐकलं. तुम्ही भरती-ओहोटी रोजच बोलून दाखवायच्या, त्यात नवीन काही नव्हतं. पण रोजचं होतं की बोलावणं होतं, हे मला अजून समजत नाही. मी बंड्याला म्हणाले, सांग त्यांना, मला कामं आहेत. काम कसलं, फडताळातले डबे पुसत होते. दुपारी तुम्ही ओटीवर अडकित्ता घेऊन बसलात. जरा वेळाने अडकित्त्याचा आवाज थांबला, तेव्हा मला वाटलं, निघाल्या समुद्रावर. मुद्दाम बाहेर आले नाही. आले असते तर काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर भले आहेत.

तुम्हाला खांद्यावरून पुळणीवर नेलं तेव्हा ओहोटीच होती.

अभय पनवेलहून आला, सगळं त्याने केलं. तुमच्यावर त्याचा जीव, पाढे तुम्हीच पाठ करून घेतलेत त्याचे, अजून सतराला अडखळतो. तेरावं झाल्यावर तो माझ्याजवळ बसून म्हणाला, आई, पिकअपचं राहू दे आता. नारळाला टेम्पो सांगत जाऊ. तुला एखादी लहान गाडी घेऊ, बिनगिअरची. आणि सायकली कुणाला तरी देऊन टाकू, या वयात तू एकटी कशाला. त्याचं काही चुकत नाही. पण एकटी हा शब्द त्याने नेमका वापरला आणि मी उठून आत गेले. तो समजला, आत्याच्या आठवणीने रडतेय. आठवण नव्हती, राग होता. तुमचा नाही, माझा, माझ्यावरच.

माणगावहून त्या पोराचा फोन येतो, आजी, कुठली फायनल करू? मी त्याला काय सांगू? लांब हौद्याची घेतली तर तुमचं ऐकल्यासारखं होईल, पण मग त्या एवढ्या हौद्यात माझी एक सायकल इकडून तिकडे घरंगळत जाणार. डबल घेतली तर मागचं बाकडं कुणासाठी? माझ्या पर्ससाठी. वन्सं, तुम्ही असतात तर या वाक्याला किती हसला असतात.

अलीकडे मी स्वतःशी बोलताना मध्येच थांबते, की तुम्ही यात चूक काढाल. चुका काढायला कुणी असलं की माणूस जरा नीट जगतं. तुम्ही माझ्या स्वयंपाकात, हिशेबात, गाडी वळवण्यात, देवाला फुलं वाहण्यातसुद्धा चुका काढल्यात, आणि एकदाही माहेर काढलं नाहीत. मी पालीच्या मुलीचा तोरा घेऊन आले होते, तो तुम्ही कधी उतरवलात मला कळलंसुद्धा नाही. माझ्या मैत्रिणी त्यांच्या नणंदांच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मला सांगायला काही नसायचं. मी मग खोट्या रचून सांगायची. त्यांतली एकही तुम्हाला सांगितली नाही. तेवढं माफ करा.

काल मी जुनी गाडी घेऊन श्रीवर्धनला गेले, हौद्यातल्या भोकावर फळकूट टाकून. ती विकायची तर निदान तळ तरी ठोकून घ्यावा म्हणून. हमीदकडे. दिघीचे ते हुक लावून देणारा वेल्डर हाच, आणि त्याच्याही आधी मुरूडला तुमच्या वर्गातला पोरगा. आता त्याचीच दाढी पांढरी झालीय. त्याने मला स्टूल दिलं, स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, काकू, बाईंचं एक काम माझ्याकडे पडलंय. अर्धवटच टाकलं, ऐकल्यावर हात लागेना. करू की नको, ते तुम्हाला विचारायला मीच येणार होतो.

भिंतीला एक कापलेली फळी टेकवलेली होती, खाली लोखंडाचे तुकडे. चिमट्यांचे असावेत. मी विचारलं, बाई कधी आल्या होत्या? म्हणाला, वारल्या त्याच आठवड्यात, सोमवारी, एसटीने. म्हणजे बँकेच्या दिवशी, वन्सं. बंड्याला चक्क खोटं सांगून गेलात.

फळीकडे बघून मला काही समजलं नाही. मापातलं मला कधीच समजत नाही. तुम्ही स्वतःपुरती करायला टाकली असेल, दुसऱ्या कुणाच्या गाडीत घालून न्यायला, असंही मनात येऊन गेलं. तुम्ही म्हणालाच होतात, माझ्या गाडीत तुमची सायकल यायची नाही. मी चहाचा कप हातात धरून तशीच बसले. आणि मग जे कुणाला विचारून उपयोग नाही असं ठरवून निघाले होते, तेच त्याला विचारलं, की बाई माझ्यावर रागावलेल्या होत्या का रे.

हमीदने फडकं घेतलं. हात पुसले, फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"राग होता, काकू. खोटं कशाला बोलू? चहा संपेपर्यंत तुमचीच तक्रार करत होत्या. पण माप दिलं ते आखूड हौद्याचं दिलं, आणि सायकली दोन सांगितल्या."